शेजारी ऐकतील

धाकटीने दुसऱ्या वेळी घरीच बाळंत व्हायचं ठरवलं आणि सुईण म्हणून मोठ्या जावेचं नाव घेतलं, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. घरातच प्रसूती वॉर्डात मुरलेली सिस्टर असताना बाहेर कशाला शोधायचं? नवल वाटलं ते एकट्या मोठीला. पहिल्या वेळी हॉस्पिटलात धाकटीचं बाळंतपण तिनेच केलं होतं, आणि ते कसं केलं हे दोघींनाच ठाऊक होतं.

"मीच का गं?" तिने चाचरत विचारलं.

"घरी तुम्हाला ओरडता येणार नाही, ताई. भिंती पातळ आहेत. शेजारी ऐकतील."

धाकटी हसली, म्हणून मोठीही हसली. करते काय, चोराच्या मनात चांदणं.

हॉस्पिटलात तिला 'वादळ' म्हणत. हात असा की डॉक्टरही बिनघोर चहाला जात. पण बाहेरच्या बाकावर सदा दोन-तीन बाया कण्हत बसलेल्या, आणि आतली मोकळी झाल्याशिवाय त्यांना खाट मिळायची नाही. मग ही आतलीवर ओरडायची, "जोर लाव, नाटकं पुरे!" तशी धाकटीवरही ओरडली होती. जरा धीर धरला असता तर वाट मोठी करायला कात्री लागली नसती, हे तिला तेव्हाही दिसत होतं. तरी तिने कात्री चालवली. नंतर महिनाभर धाकटी बसता-उठता ओठ चावायची. मोठी तिला उशी नेऊन द्यायची, पण तोंडाकडे बघायची नाही.

आता दुपारी कळा वाढल्या. धाकटीचा नवरा थोरल्या लेकीला घेऊन दाराबाहेर बसला, वेळ पडलीच तर गाडी तयार ठेवून. धाकटी खाटेची कड धरून गुडघ्यांवर बसली. वॉर्डात मोठीने कुणाला असं बसू दिलं नव्हतं. ती पुन्हा पुन्हा वाकून बाळाचे ठोके ऐकत होती. ठोके ठणठणीत होते. बाळाचं बरं, बाईचं बरं, बिनसलं होतं ते हिचंच. बाक इथे नव्हता, तरी पाठीशी कुणीतरी ताटकळतंय असं वाटत होतं. हात कात्रीच्या डब्याकडे गेला, तो तिने मागे घेतला. मग जिभेवर ते जुने शब्द आले, तेव्हा तिने टॉवेलाचं टोक दातांत धरलं.

"ताई, टॉवेल का खाताय?" कळ ओसरल्यावर धाकटीने विचारलं.

"भूक लागलीय. तू तुझं काम कर."

बाळाने आपला वेळ घेतला. डोकं बाहेर आलं, तर मानेला नाळेचा वेढा. मोठीला विचार करावाच लागला नाही. बोटांनी नाळ सैल केली, डोक्यावरून अलगद काढली, बाळ हातात घेतलं. ते गप्प होतं, निळसर होतं. तिने पाठ खसाखसा पुसली, आणि ते रडलं. हे हात त्याच वॉर्डाने घडवले होते, हे तिला नाकारता येईना.

मग तिने धाकटीला तपासलं. कुठे चीरसुद्धा नव्हती. खात्री होईना म्हणून बॅटरी लावून पुन्हा बघितलं, आणि तिला स्वतःची फार लाज वाटली.

बाळ छातीशी घेऊन धाकटी हळूच म्हणाली, "पहिल्या वेळीही असं झालं असतं ना?"

बाहेर बाया खोळंबल्या होत्या गं, हे उत्तर मोठीच्या ओठांवर होतं. खरंही होतं. पण ते तिला सांगवेना.

"हो," ती म्हणाली. "झालं असतं. मी थांबले नाही."

धाकटीने बाळाच्या कानाची पाळी कुरवाळली.

"उद्या ड्यूटी आहे ना तुम्हाला?" तिने विचारलं.

"आहे."

"मग तो टॉवेल घेऊन जा."