पाळण्याच्या दिवसाचे दोन फोटो

नारीन गावातल्या त्या घरात फोटोंचा नुसता बाजार मांडला होता. ज्याला लहर येईल त्याने कॅमेऱ्याचं कार्ड लावावं आणि सगळं पुन्हा कॉम्प्युटरात ओतावं. एकेक फोटो चार-चारदा.

"तेच तेच किती बघू गं? डोळे गेले माझे," सासूबाई, बुर्माकान आपा, कुरकुरायच्या.

शेवटी सून गुलझीरा कंबर कसून बसली. तारखेवार फोल्डर केले, एकदा घेतलेला फोटो पुन्हा येणार नाही अशी खूण केली आणि नवऱ्याला बजावलं, "अहो, मी सांगेपर्यंत कार्ड पुसू नका."

तिचा जीव एकाच फोटोत होता. थोरलं पोर आजी-आजोबांचं, ही तिथली रीत. तिच्या थोरल्या तिलेकला पाळण्यात घातलं त्या दिवशी आपांनी त्याला उचललं ते कायमचंच; सहा वर्षांचा झाला, त्यांनाच आई म्हणतो. त्या दिवशी गुलझीराच्या भावाने आपांच्या मांडीवर बाळ देऊन फोटो काढला, मग हळूच म्हणाला, "आता तू बस, ताई." तोच कोपरा, तीच शाल, तेच बाळ. आई म्हणून तिचा तेवढा एकच फोटो. पोरगा शाळेत जायच्या आधी त्याला तो दाखवायचा, असं तिने मनाशी धरलं होतं.

ती बाजारातून आली तर नवरा, तालांत, भलताच खुशीत.

"तुझं काम उरकलं बघ! एकसारखे फोटो कॉम्प्युटरने शोधले, मी एकेक ठेवला, बाकीचे उडवले. कार्डही पुसलं, कचरापेटीही रिकामी."

तिने पाळण्याच्या दिवसाचा फोल्डर उघडला. फोटोत आपा होत्या.

"दुसरा कुठंय?"

"सारखेच तर होते. कुठला ठेवू म्हणून विचारलं त्याने. आता आईला उडवू का मी?"

"त्यात मी होते हो!"

"अगं, पण बाळ तेच आहे ना?"

यंत्र चुकलं असतं तर तिने गिळलं असतं. यंत्राने बिचाऱ्याने विचारलं होतं. ह्याने दोघींना शेजारी शेजारी पाहिलं आणि निवडलं. त्या माणसाचं तोंड पाहू नये असं तिला वाटलं.

तेवढ्यात आपांचं बोट धरून तिलेक आला. "हा मी! आणि ही आई!" मग गुलझीराकडे वळला. "वहिनी, तू कुठंय? तेव्हा तुझं लग्न झालं नव्हतं का?"

गुलझीराने आपांकडे पाहिलं. आपा त्याची कॉलर सारखी करत होत्या.

"नव्हतं झालं," ती म्हणाली.