विणकराच्या घरातली पावलं

ठकी दीड वर्षाची झाली तरी पाऊल टाकत नव्हती. "पोर ठणठणीत आहे, चालेल," असं डॉक्टर म्हणाले होते. पण डॉक्टरांचं ऐकून गप्प बसतील ते शेजारी कसले? "अजून कडेवरच का?" हे ऐकून ऐकून ठकीच्या आईचे कान किटले होते. वर सासूबाई होत्याच. "आमची पोरं या वयात गल्ली पालथी घालायची!"

रविवारी तिघी जुन्या गावघरांचं संग्रहालय बघायला गेल्या. लांबलांबच्या गावांतली ओस पडलेली घरं वासा न् वासा सोडवून आणून इथे माळावर पुन्हा उभी केली होती. लोहाराचं झालं, कुंभाराचं झालं. विणकराच्या दाराशी राखणदार बाईंनी अडवलं.

"चपला बाहेर. मातीची जमीन आहे, नुकतीच चोपलीय. बाळाचे मोजेसुद्धा काढा."

सासूबाई उखडल्या. "मोजे? गारठेल की पोर! मी स्वतः विणलेत, दुहेरी लोकरीचे."

"विणकराच्याच घरी आलात, आजी, तो नाही रागावायचा," बाई हसल्या. "पण लोकरीला माती चिकटते आणि बोलणी मला बसतात."

मोजे उतरले. ठकीची पावलं मातीला टेकली. बोटं आधी आखडली, मग पसरली, मग त्यांनी जमीन घट्ट धरली. ठकीच्या आईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरी सासूबाई फरशी आरशासारखी घासायच्या आणि वर पोरीच्या पायात सदा लोकर! उभं राहायचं तरी कशाच्या जोरावर?

विणकराच्या हातमागाचा खांब धरून ठकी उभी राहिली. मग तिने खांब सोडला.

एक पाऊल. अजून एक.

"अगं धर तिला, पडेल ना!" सासूबाई म्हणाल्या.

ठकीच्या आईचे हात पुढे गेलेच होते. तिने ते पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले.

"पडू दे, आई."

आणि ठकी पडलीच, बदकन. रडावं की नाही हे ठरवायला तिने आईकडे पाहिलं. आई जागची हलली नाही. ठकीने हात टेकले, बूड उचललं आणि पुन्हा उभी राहिली. डुलत डुलत दाराशी पोचली. पोटावर पालथी होऊन उंच उंबरठ्यावरून पलीकडे उतरली आणि अंगणातल्या बदकांमागे निघाली.

बदकांची एकच तारांबळ उडाली.

"चालली! चालली गं बाई!" सासूबाई अशा ओरडल्या की कुंभाराच्या घरातली माणसं बाहेर धावली. "नात आहे माझी! आमच्या घरात सगळे असेच चालतात!"

लोक टाळ्या वाजवायला लागले. ठकीला वाटलं बदकांसाठीच वाजवतायत, म्हणून तीही वाजवू लागली, आणि चालायची मात्र थांबली नाही.

"अगं, आता तरी आवर तिला!" धापा टाकत सासूबाई म्हणाल्या.

"छे," ठकीची आई डोळे पुसत हसली, "तुम्हीच आवरा. मी बघत बसते."