क्रीश मास्तरांनी शिट्टी वाजवली नाही

लीस्बेत चिखलात पालथी पडली आणि बर्लिनच्या त्या मैदानावरच्या सगळ्या पोरी जागच्या जागी थबकल्या. महायुद्धाच्या काळात त्या हेच शिकल्या होत्या: अंगाला अंग लागलं की गुन्हा, मग शिट्टी होईपर्यंत कुणी हलायचं नाही.

शिट्टी झालीच नाही.

तिला धडक देणारा पुरुषांच्या संघातला दांडगा गडी चेंडू घेऊन तसाच पुढे पळाला आणि गोल करून आला.

आज पोरी जिंकल्या तर रविवारचं मैदान बायकांकडे राहणार होतं. हरल्या तर आघाडीवरून परतलेल्या पुरुषांकडे जाणार होतं. कप्तान ओटिली पंचांकडे धावली. पंच क्रीश मास्तर, अडथळ्यांच्या शर्यतीतले गाजलेले धावपटू. पोरींना हँडबॉल शिकवला तोही त्यांनीच.

"मास्तर, ढकललं तिला."

"पाहिलं मी."

"मग?"

"आता ढकलता येतं. धक्क्याशिवाय कसला खेळ? नियम बदललेत मी."

"कुणाला सांगितलंत?"

"मुलांना."

"आणि आम्हाला?"

"तुम्हाला सांगून काय फरक पडला असता, ओटिली?"

लीस्बेत तोंडातली माती थुंकत उठली. "मी मेले की काय ते तरी बघायचं गं, पुतळ्यांनो!"

"घरी जा, सलगमची भाजी शिजवा," दांडगा खिदळला.

"कारखान्यात तुझ्या तोफेचे गोळे आम्ही भरत होतो, तेव्हा नाही रे सांगितलंस घरी जा म्हणून!" लीस्बेत ओरडली.

सामना पोरी हरल्या. हरणारच होत्या, निम्मा खेळ त्यांना सांगितलाच नव्हता. क्रीडा मंडळाच्या साहेबांनी मास्तरांचा हात हातात घेऊन हलवला. आता कुठे हा मर्दांचा खेळ झाला, म्हणाले.

मग मास्तर ओटिलीकडे आले. चेहऱ्यावर कौतुक, लाज कसली ती नाही.

"तुझी फेक लाजवाब आहे. मंगळवारी ये, माझ्या संघातल्या मुलांना शिकव."

कारखान्यात मुकादमाला रडवणाऱ्या ओटिलीने गुडघ्यावरचा चिखल झटकला. या माणसाला खरंच वाटत होतं की आपण हिचा मान करतोय.

"आणि मैदान?"

"ते गेलं. पण तू ये."

"तुम्हीच शिकवा की त्यांना."

"तुझ्यासारखी फेक मला कुठे जमते?"

"नाहीच जमत," ती म्हणाली.

तिने लीस्बेतच्या काखेत हात घातला आणि पोरींना घेऊन फाटकाबाहेर पडली. मंगळवारी मास्तरांनी तिची वाट पाहिली म्हणे. पाहू देत.