चाळीस सेकंदांचा अपराध

रविवार, १२ जानेवारी २०२५. सायंकाळचे पाच वाजून दहा मिनिटे. रत्नागिरीत भिकाजींच्या पडवीत अकरा माणसे बसली होती आणि बारावा मी. मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. त्या दिवशी उघडकीस आलेला अपराध माझाच.

१९८९ साली भिकाजींनी मला नवाकोरा आणला. पावसच्या गोदूबाईंनी माझ्यासमोर बसून, नाटक मंडळीत गाणाऱ्या वडिलांकडून शिकलेले पद गायले. माझे फार कौतुक झाले. पुढे मी माळ्यावर गेलो आणि खाऱ्या, दमट हवेने माझ्या पोटातला रबरी पट्टा सैल पडला.

तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या भिकाजींनी संगीत नाटकांच्या काळाचा अभ्यासवर्ग काढला, तेव्हा मला खाली उतरवले. कोणत्या संगीतकाराने साकी-दिंडीच्या जुन्या चाली राखल्या, कोणी कर्नाटकी चाल आणली, कोणी ख्यालाचे वळण दिले, याचे ते तक्ते करीत. मला त्यांनी बाहेरून लख्ख पुसले. आत डोकावले नाही. मी मंद फिरत राहिलो. वहीत नोंद झाली : ‘या संगीतकाराची लय संथ.’

वर्गातली शमिका ते पद चपळ म्हणे.

“घाई नको. टेप ऐक, पुरावा समोर आहे,” भिकाजी तिला थांबवीत.

आठ महिने असे गेले. शेवटी ती म्हणाली, “काका, मला लयच नाही. आपल्या वर्गाचा एवढा कार्यक्रम झाला की गाणं सोडते.”

मी सारे ऐकत होतो. मला सांगता येत नव्हते.

त्या रविवारी चौऱ्याऐंशी वर्षांच्या गोदूबाई आल्या. शमिका संथ गायली.

“काय गो, जेवली नाहीस काय? माझ्या बापाची चाल अशी रडत नव्हती!”

“आजी, टेपवर असंच आहे.”

मला लावले. गोदूबाई दचकल्या. “हा कोण बाप्या गातोय?”

पडवी हसली. शमिका हसली नाही.

भिकाजींनी कॅसेटचे वेष्टन उचलले. त्यांच्याच अक्षरात लिहिले होते : ‘पट्टी काळी चार, वेळ सहा मिनिटे.’ पेटीवर स्वर ताडून पाहिला, तर मी खाली, काळी तीनच्या आसपास घुटमळत होतो. घड्याळ लावले, तर सहा मिनिटे चाळीस सेकंद.

“शमिका, तुझं बरोबर होतं. मी तपासलं नाही,” ते खाली मान घालून म्हणाले.

मित्रांनो, जुन्या यंत्राला नुसते पुसू नका, आतूनही सांभाळा. माझ्यासारख्याचा शब्द प्रमाण मानण्यापूर्वी एकदा पडताळून पाहा. मला नवा पट्टा मिळाला, पण त्या मुलीचे आठ महिने मी कोठून आणू?

पुढच्या रविवारी माझे बटण कोणी दाबले नाही. शमिका आपल्या मनाने गायली आणि गोदूबाईंनी मांडीवर ताल धरला. भिकाजींच्या घड्याळात वेळ भरली : सहा मिनिटे.