दाराची वरची कडी

बेल वाजली तशी कुंदाने रिमोट दाबून टीव्हीचा आवाज घालवला आणि पाय न वाजवता दाराशी गेली. भिंगाला डोळा लावला. समोरच्या फ्लॅटमधली सुदानी बाई होती, शेजारी तिची मुलगी अमल.

"हू इज इट?" ईराने सोफ्यावरून विचारलं.

कुंदाने ओठांवर बोट ठेवलं.

डिशवर तिची आवडती अमेरिकन भुताची मालिका चालू होती. गोऱ्यांच्या वस्तीत एक काळं कुटुंब राहायला येतं, आणि रोज संध्याकाळी शेजारी त्यांच्या अंगणाबाहेर नुसते हसत उभे राहतात. तळघरातलं भूत परवडलं, पण ते शेजारी नकोत. मागच्या भागात कुंदाने ओढणीने डोळे पुसले होते. "माणसं आहेत की राक्षस! त्या लेकराने काय घोडं मारलंय यांचं?"

आखातातल्या रुवैसमधला जुलै होता. सगळी बिल्डिंग सुट्टीवर इंडियाला गेलेली. गुणवंतची रजा मात्र रिफायनरीच्या दुरुस्तीच्या शटडाऊनमध्ये अडकली, आणि त्याच्याबरोबर बायको कुंदा आणि मुलगी ईराही. मजल्यावर ईराला खेळायला उरली ती एकटी अमल. समोर कुणी नवीन राहायला आलंय हे कळताच कुंदाने ईराच्या हाती लाडवांचा वाडगा पाठवला होता. शेजारधर्मात ती कुणाला हार जाणारी नव्हती. मग माणसं दिसली. "उन्हात खेळायचं नाही," असं तिने ईराला बजावलं आणि दाराची वरची कडी लावू लागली. मुली पॅसेजमध्ये खेळत, आणि पॅसेजमध्ये ऊन येत नसे. हे मायलेकी दोघींनाही ठाऊक होतं.

"ईरा? आर यू देअर?" बाहेरून अमलची हाक आली.

ईराने तोंड उघडलं, तोच कुंदाने येऊन तिचं मनगट धरलं. मुक्या पडद्यावर ती काळी आई लेकराला पोटाशी घेऊन दारामागे बसली होती.

थोड्या वेळाने समोरचं दार मिटलं. कुंदाने आपलं किलकिलं केलं. पायपुसण्यावर तिचाच स्टीलचा वाडगा होता, काठावर 'सौ. कुंदा' कोरलेला. आत साखर भुरभुरलेली गरम बिस्किटं, वर झाकायला निळ्या काठाची बशी. भांडं रिकामं परत करू नये, हे त्यांच्यातही होतं तर. लाजेने तिचे कान तापले. तरी वाडगा आत घेऊन तिने कडी लावलीच.

"बशी पप्पा देऊन येतील."

"एम्प्टी?" ईराने विचारलं.

कुंदाने टीव्हीचा आवाज वाढवला. पडद्यावर ते कुटुंब टेबल, खुर्च्या, मिळेल ते दाराशी रचत होतं.

ईरा किचनमध्ये गेली. त्याच बशीत चार चकल्या घेऊन आली, ती टीपॉयवर ठेवली आणि डायनिंगची खुर्ची करकर ओढत दाराशी नेली. वर चढली. टाचा उंचावल्या, तरी बोटं कडीच्या खालीच राहिली. खुर्ची डुगडुगली.

"ईरा, खाली उतर."

ती उतरली नाही.

कुंदा उठली. कडी तिने काढली नाही. खुर्ची मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि म्हणाली, "चढ, खुर्चीच्या पाठीवर पाय ठेव."