डोंगर राखण मंडळाचा वळू

जिंतूर तालुक्यात डोंगराच्या अंगावर पाणवाडी नावाचं गाव आहे. हे नाव ज्यानं ठेवलं तो बहुधा पावसाळ्यात येऊन गेला असावा. गावामागचा झरा होळीपर्यंत पुरायचा. मग विहीर पायथ्याला आणि घागर बायकांच्या डोक्यावर. किराणा दुकानवाल्या चन्नप्पाची बायको चन्नबसम्मा मात्र घागर उचलायची नाही. होळी झाली की ती पिशवी उचलायची आणि एसटीनं माहेरी, पाथरीला जायची. परत यायची ती मिरगाला.

"तितं नळ हाय," एवढंच ती सांगायची.

मग चन्नप्पा स्वतः भाकरी थापायचा. ती भाकरी गावातली कुत्री ओळखायची आणि वळसा घालून जायची.

झरा टिकला तर बायको टिकेल, हे चन्नप्पाला कळत होतं. आधी त्यानं देवाकडून प्रयत्न केला. झऱ्यासाठी नवस बोलून महादेवाच्या नावानं एक गोऱ्हा सोडला. त्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर त्रिशूळ उमटवला, गूळ चारला आणि गळ्यातलं दावं काढलं. असा सोडलेला गोऱ्हा महादेवाचा. त्याला बांधायचं नाही, मारायचं नाही. गोऱ्हा रोज सकाळी दुकानापुढे गूळ खायला उभा राहू लागला, यथावकाश त्याचा वळू झाला. झरा आटायचा तेव्हाच आटला.

मग परभणीच्या कृषी विद्यापीठातले एक साहेब येऊन गेले. उघड्या डोंगरावर पाणी थांबत नाही, झाडं लावा, चराई बंद करा, असं पारावर सांगून आणि चहा पिऊन ते गेले. गावानं चहाची कपबशी धुतली आणि विषय संपवला. चन्नप्पानं तो मनावर घेतला. घरोघर फिरून त्यानं 'डोंगर राखण मंडळ' उभं केलं. अध्यक्ष कोण, यावर वाद झालाच नाही. शेळी नसलेलं घर गावात एकच होतं.

मंडळाचा कायदाही अध्यक्षांनीच सुचवला. ज्याचं जनावर डोंगरावर सापडेल त्याच्या घरानं उन्हाळाभर पायथ्याच्या विहिरीवरून कावडीनं रोपांना पाणी घालायचं.

गावात सगळ्यात जास्त शेळ्या सटवाजीच्या. त्यानं विचारलं, "आन् आप्पा, मालकच म्हनला की जनावर माझं न्हाई, तर?"

"मालकाबिगर जनावर असतंय का सटवाजी?" अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या.

पावसाळ्यात डोंगरावर सुबाभळीची रोपं लागली. जनावरं सुबाभूळ पेढ्यासारखी खातात, हे साहेब सांगायचं विसरले होते. चन्नप्पा रोज सकाळी अंघोळ करी, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करी आणि डबी पुन्हा गळ्यात घाली. मग वळूला गूळ चारून, उरलेला खडा खिशात टाकून, रोपांच्या तपासणीला डोंगर चढे.

दिवाळीपर्यंत निम्म्या रोपांचे नुसते दांडके राहिले.

"सटवाजी, शेळ्या बांध की रे."

"बांधल्यात आप्पा! बांधून बांधून पार लाकडावानी झाल्यात बिचाऱ्या."

सटवाजीला हा आळ फार लागला. एका सकाळी तो सरजाबाईला साक्षीला घेऊन डोंगरावरच्या धोंड्याआड बसला. सरजाबाई म्हातारी होती, पण तिच्या जिभेला गावचा पोलीस पाटीलही बिचकून असे.

ऊन वर आलं आणि अध्यक्ष आले. हात पाठीमागे बांधून ते एकेका रोपापाशी थांबत, मान डोलावत आणि पुढे जात. त्यांच्या खिशातल्या गुळाच्या वासानं वळू मागोमाग येत होता. अध्यक्षांची तपासणी जिथं संपे तिथं वळूची सुरू होई. एकदा पदावर बसल्यावर मागं वळून बघायची रीत नसल्यामुळे अध्यक्षांना काहीच दिसलं नाही.

संध्याकाळी पारावर सगळं गाव जमलं.

"वळू माझा न्हाई," चन्नप्पा म्हणाला. "तुमच्या सगळ्यांदेखत सोडलाय. त्यो महादेवाचा."

"मान्य," सटवाजी म्हणाला. "मालक महादेव. मंग कावड महादेवाच्या घरानं वाहावी. महादेव ऱ्हातो कुटं?"

"देवळात," चन्नप्पा घाईनं म्हणाला.

"देवळातला कदी डोंगर चढला न्हाई," सरजाबाई म्हणाली. "आप्पा, रोज सकाळी तुमच्या तळहातावर कोन बसतंय?"

चन्नप्पाचा हात आपोआप गळ्यातल्या डबीकडे गेला.

"बगा! मालक रोज संगं व्हताच की. त्याशिवाय का वळू गेला मागं?"

पार इतका हसला की वरची पाखरं उडाली. चन्नप्पानं मान खाली घातली. कायदा त्याचाच होता. कावडीचं त्याला दुःख नव्हतं. दिवसभर कावड वाहून संध्याकाळी आपल्याच हातची भाकरी खायची, याचं मात्र होतं.

शिमगा सरला तेव्हा चन्नबसम्मा पिशवी भरत होती. कावड खांद्यावर घेऊन चन्नप्पा निघाला आणि वळूही त्याच्यामागे निघाला.

"अगं, ह्यो परत यायलाय की माझ्यामागं! उरलेलं बी खाईल. बांधता बी येत न्हाई."

चन्नबसम्मानं पिशवीकडे पाहिलं, वळूकडे पाहिलं. मग डब्यातला गूळ घेऊन ती दुकानाच्या पायरीवर बसली. वळू वळला आणि तिच्यापुढे उभा राहिला. त्याला गुळाचे हात दोनच माहीत होते, एक नवऱ्याचा आणि एक बायकोचा.

"जावा तुमी," ती म्हणाली. "माझ्या बी गळ्यातल्या डबीत हाय त्यो महादेव. निम्मी शिक्षा माझी. आन् शेवटची खेप घरच्या रांजणात वता."

उन्हाळाभर हेच चाललं. नवरा डोंगरावर, बायको पायरीवर, मध्ये गूळ.

सरजाबाईनं एकदा खोचून विचारलंच, "का गं, पाथरीला नळ हाय म्हनं?"

"हाय की. पर अध्यक्ष कावड वाहतानी दिसत न्हाई तितून."

झरा त्याही वर्षी होळीलाच आटला होता. चन्नप्पाच्या ते फार उशिरा ध्यानात आलं. ताटात भाकरी गोल येत होती.