नकाशातली अकरावी वस्ती

"छोटं स्टेशन काढू नका. मी काढलं, पस्तावलो. माणूस तिथून जात नाही. एक तारा."

'सांधा' हा गेम मोबाईलवर घेताना मी हा रिव्ह्यू वाचला होता. लिहिणाऱ्याचं नाव कडुबा, फोटोच्या जागी नुसता राखाडी गोल. खाली गेम बनवणाऱ्यांचं उत्तर होतं, "नमस्कार कडुबाजी, हा बग पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त करू." मला हसू आलं. बाकी सगळे खूश होते. "मराठीत आहे म्हणून एक तारा जास्तीचा." "बायको म्हणते, खऱ्या रेल्वेत तरी लाग." "तेविसावी लेव्हल ज्याने बनवली त्याला समोर आणा, दोन शब्द बोलायचेत." एवढ्या कौतुकात एखादा रडका असायचाच, असं म्हणून मी पुढे गेले.

गेम साधा. रिकाम्या माळरानाचा नकाशा, त्यावर स्टेशनं. मोजके रूळ मिळतात, ते टाकायचे, सांधे बदलायचे, गाड्या सोडायच्या. फलाटावर छोटी छोटी माणसं उभी राहतात. डोकं म्हणजे नुसता रंगीत गोल. फार वेळ ताटकळली की गोल लाल होतो आणि गुण जातात. अगदीच जमेना तर एखाद्या स्टेशनवर बोट दाबून धरायचं, 'काढा' म्हणायचं. स्टेशन पुसलं जातं, रूळ परत मिळतात, बाकीचं कोडं चुटकीसरशी सुटतं.

माझी मुलगी हिमानी सव्वादोन वर्षांची. दुपारी ती झोपली की मी दर दहा मिनिटांनी तिच्या नाकाखाली बोट धरायचे. विश्वजित, माझा नवरा, म्हणायचा, "अगं, श्वास घेतीये ती, तिला दुसरं काम काय आहे?" मधली नऊ मिनिटं काढायला मला गेम बरा पडला.

आम्ही शहराच्या टोकाला, सातारा परिसर म्हणतात तिथं, तिसऱ्या मजल्यावर राहतो. आलो तेव्हा गॅलरीतून डोंगर दिसायचा, आता चार इमारती दिसतात. नळाची लाईन अजून पोचलेली नाही. एक दिवसाआड टँकर येतो. गेल्या पावसाळ्यात पाऊस निम्माही झाला नव्हता. फेब्रुवारीतच टँकर आला की सोसायटीतल्या बायका खिडकीतून पाईप कुठल्या टाकीत जातो ते बघत उभ्या राहायच्या. मीही.

विश्वजित टँकरच्याच एका ठेकेदाराकडे आहे. कुठला टँकर कुठून भरायचा, कुठं ओतायचा, याचा रोजचा तक्ता तो करतो. एका शुक्रवारी तो दुपारीच घरी आला आणि लॅपटॉप आपटावा तसा ठेवला.

"पिशोरकडचे पाच टँकर आहेत, त्यातला एक बिडकीनला हलवायचाय. तिकडं नव्या सोसायट्या, कामगारांच्या खोल्या, सगळे बोंबलतायत. आणि इकडं चार टँकरात अकरा वस्त्या बसव म्हणतात. कशा बसवू? डोक्यावर?"

"दाखव," मी म्हटलं.

"तू काय करणार?"

"तेविसावी लेव्हल पार केलीये मी."

'सांधा'त 'आपला नकाशा' म्हणून एक सोय आहे. त्यात हवा तो नकाशा मांडता येतो. मी विहीर मांडली, अकरा वस्त्यांची अकरा स्टेशनं मांडली, चार गाड्या सोडल्या. मला मजा यायला लागली, हे कबूल करते. दहा वस्त्या छान बसल्या. अकरावी डोंगरामागे, रस्ता खराब, एका खेपेत अर्धा दिवस जायचा. तक्त्यात तिच्यापुढे लिहिलेलं होतं : कोयता गेला.

म्हणजे ऊस तोडायला माणसं कारखान्यावर गेली. जोडपी, पोरं, बैलगाड्या, सगळं बिऱ्हाड.

"मग तिथं कुणीच नाही?"

"कोण असणार? दारं लावलेली आहेत म्हणे. पाडव्याला येतील परत."

मी स्टेशनवर बोट दाबलं. काढा.

"मृण्मयी, तू आमच्या साहेबांपेक्षा भारी आहेस," विश्वजित म्हणाला. "तो अजून बोटांवर खेपा मोजतो." शनिवारपासून टँकर माझ्या नकाशाप्रमाणे धावायला लागले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. मी मूळची सोयगावची. माझे वडील तिथं शाळेत शिक्षक होते. दिवाळीनंतर वर्गातले निम्मे बाक रिकामे व्हायचे, कारण कोयता जायचा. पण एकही वस्ती पुरती रिकामी होत नसे. एखादं म्हातारं माणूस मागं ठेवतातच, शेळीला, कोंबड्यांना, घरात दिवा लावायला. हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. आणि तरी मी बोट दाबलं, कारण तेव्हा माझ्यासमोर वस्ती नव्हती, स्टेशन होतं.

शनिवारी दुपारी मी सहज तो नकाशा उघडला. पुसलेल्या स्टेशनच्या जागी उघड्या मातीवर एक माणूस होतं.

ते बसलेलं होतं. या गेममध्ये कुणी बसत नाही, सगळे उभे असतात. डोक्याचा गोल मातकट, कुठल्याच स्टेशनच्या रंगाचा नाही. शेजारी एक निळा ठिपका. मी गेम बंद करून उघडला. मोबाईल बंद करून उघडला. ते तिथंच होतं. मग मी दुसरी एक लेव्हल उघडली, तिथं काही नव्हतं. फक्त माझ्या नकाशात होतं.

रविवारी हिमानी माझ्या मांडीवर येऊन बसली, स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "आजी बशली."

"कुठली आजी, पिल्लू?"

तिनं आपला पाण्याचा कप उचलला आणि नेमका त्या ठिपक्यावर वाकडा केला. मी मोबाईल पुसला. एवढ्याशा गोलात तिला म्हातारी कुठं दिसली?

मी नवे रिव्ह्यू बघायला गेले. कुणीतरी लिहिलं होतं, "बसलेलं कॅरेक्टर भारी. पण त्याला गाडीत कसं चढवायचं? चार तारे." दुसरा म्हणत होता, "माझ्याकडे दोन बसलेत, एकाच्या हातात काठी. हेल्प." प्रत्येकाला खाली तेच उत्तर : "आमच्या गेममध्ये बसलेलं पात्र नाही. कृपया स्क्रीनशॉट पाठवा." मीही स्क्रीनशॉट काढला. फोटोत नुसती तपकिरी माती आली.

विश्वजितला दाखवलं तर तो जेवता जेवता म्हणाला, "ठिपका आहे तो. तुला हिमानीच्या अंगावर पण रोज एक नवा ठिपका दिसतो. गोवर, कांजिण्या, काय काय."

"हा बसलाय, विश्वजित."

"बसू दे ना मग. तुझं काय खातोय?"

मंगळवारी निळा ठिपका नाहीसा झाला. बुधवारी त्या माणसाचा रंग उतरलेला दिसला. इतरांचे गोल ताटकळले की लाल होतात, हा उलट पुसट होत होता, माती आणि तो यांत फारसा फरक राहिला नव्हता. मी हिमानीला कडेवर घेतलं, विश्वजितच्या तक्त्यातून नंबर काढला आणि त्या बाजूच्या टँकरचा ड्रायव्हर बद्रीनाथ याला फोन लावला.

"बोला वैनी. साहेब बरे हायती ना?"

"बरे आहेत. बद्रीनाथभाऊ, ती डोंगरामागची वस्ती, तिथं कुणी राहतं का आता?"

"नाय. कोयता गेलाय सगळा."

"तुम्ही आत जाऊन बघितलंय?"

"आत कशाला जाऊ? रस्त्याला ड्रम ठेवलेला आसायचा, त्यो भरायचा आन् निघायचं. घरं तिथून लांब हायती."

"रिकाम्या वस्तीचा ड्रम भरत होता?"

पलीकडे टँकरचं इंजिन बंद झालं.

"व्हय की," तो हळू म्हणाला. "रिकामा झालेला आसायचा, म्हणून भरायचो. माणूस काय दिसलं नाय कधी. मागल्या साली एक म्हातारी होती, आवडाबाई. शेळी घिऊन यायची. लई बोलायची, 'बद्री, तुझ्या टँकरला लेकीसारखं सासरी धाडलंय का रं, माघारी यायचं नावच घेत नाय.' औंदा दिसली नाय, मला वाटलं गेली पोरांसंगं."

"ड्रम कुठल्या रंगाचा, भाऊ?"

"निळा. त्यो म्या उचलून आणला, वैनी. खेप बंद झाली, उगं कुणी चोरून नेईल म्हणून. विहिरीपाशी ठेवलाय."

"कधी आणला?"

"परवाच की, मंगळवारी."

मंगळवार तर कालच होता. पण मी त्याला दुरुस्त केलं नाही. मला फक्त तो वार ऐकायचा होता.

विश्वजित घरी आला तेव्हा मी त्याला गेमबद्दल काही सांगितलं नाही. म्हातारीबद्दल सांगितलं. त्याचा चेहरा पडला. त्यानं साहेबाला न विचारता तक्ता बदलला. गुरुवारी सकाळी बद्रीनाथ डोंगरामागे गेला, या वेळी चालत आतपर्यंत. अकराच्या सुमारास त्याचा फोन आला.

"घराला बाहेरून कडी हाय, वैनी. कुलूप नाय. आत रांजण हाय, कोरडा ठणठणीत. शेळी बी नाय. शेजारच्या घरांत कुणीच नाय. म्या आवाज दिला, लई दिला."

मी नकाशा उघडला. डोंगरामागची माती मोकळी होती. ते पुसट माणूस आता विहिरीच्या अलीकडे बसलं होतं, टँकरच्या वाटेवर. दुपारी पुन्हा बघितलं तर विहिरीच्या पलीकडे. चालताना ते कधी दिसलं नाही. दर वेळी बसलेलंच, फक्त जागा पुढची.

विश्वजितनं पिशोरजवळच्या पोलिसांत माणूस हरवल्याची तक्रार दिली, त्यांनी लिहून घेतली. आवडाबाईचा मुलगा पुंडलिक कारखान्यावर होता, त्याचा नंबर ऊसतोडीच्या मुकादमाकडून मिळवला आणि मी फोन केला. "आईला मीच ठिवली वैनी," एवढंच तो बोलला.

शुक्रवारी आम्ही हिमानीला घेऊन पिशोरला गेलो. बाजाराच्या दिवसासारखी गर्दी नव्हती. स्टँडजवळ मालनबाईंची चहाची टपरी होती. मी आवडाबाईचं नाव काढलं, तर त्या म्हणाल्या, "नाव काय मी इचारलं नाय, पण सकाळी बसली होती एक. हितंच, तुमी उभ्या हाव तिथं. शेळी होती बरोबर. तीन तांबे पानी प्याली आन् पयलं शेळीला पाजलं."

"कुठं गेली?"

"मी म्हनलं, मावशी, कुठं निघालीस उन्हाची? तर म्हनती, माझा टँकर वाट चुकलाय, त्याला हुडकायला. ज्या बाजूला टँकर जात्यात तिकडं जाते." मालनबाईंनी शहराच्या रस्त्याकडे हात केला. "येडी म्हनावं का काय? पर बोलायला शानी होती. माझ्या चहाला नावं ठिवली की तिनं."

विश्वजित माझ्याकडे बघेना. आमचा पाचवा टँकर रोज त्याच रस्त्यानं बिडकीनला जात होता, आणि तो मीच मोकळा करून दिला होता.

आम्ही कन्नडपर्यंत प्रत्येक फाट्यावर थांबलो, मग वेरूळ, मग दौलताबादचा घाट. दर ठिकाणी कुणी ना कुणी सांगायचं, होती एक, शेळीवाली, आत्ताच उठली. आम्ही गाडीनं आणि ती पायी, तरी आम्ही मागं. गाडीत हिमानी काचेला नाक लावून बसली होती. नगर नाक्यापाशी तिनं हात हलवून टाटा केला. मी वळून बघितलं. फुटपाथवर सावली होती, माणूस नव्हतं.

घरी आल्यावर मी नकाशा उघडला. ते माणूस अगदी कडेला, दक्षिणेच्या टोकाला, बिडकीनच्या बाजूला बसलेलं होतं. तिथून पुढे माझा नकाशा नाही. शनिवारी ते तिथंही नव्हतं.

याला आज पाच दिवस झाले. पुंडलिक आलाय, तो रोज रस्त्यानं फिरतो. पोलिसांचा फोन नाही. विश्वजितनं साहेबाला सगळं सांगितलं, साहेब म्हणाला, "म्हाताऱ्या अशाच जातात कुठंतरी, येईल." काल संध्याकाळी गेमवर एक नवा रिव्ह्यू आला. लिहिणारी कुणी सायली, बिडकीनची. "मी आमच्या सोसायटीचा नकाशा बनवला. गेटजवळ एक आजी बसलेली येते, शेळी पण आहे, खूप क्यूट. पण फार पुसट दिसते. रंग वाढवा. चार तारे." मी त्याखाली तीनदा लिहिलं. उत्तर नाही.

म्हणून इथं लिहिते आहे. तुम्ही बिडकीनला किंवा पैठण रस्त्याला कुठं राहत असाल, तर कृपा करून आज खाली उतरा. टँकर ओतून गेल्यावर गेटच्या बाहेर, भिंतीच्या कडेला बघा. वय सत्तरच्या पुढं, बारीक अंगकाठी, हिरवं लुगडं, उजव्या हातावर गोंदलेलं, बरोबर काळी शेळी. वॉचमनला विचारा, त्यानं हाकललेलं असेल तर कुठल्या बाजूला ते विचारा. सापडली तर तिला रागावू नका, ती फटकळ आहे, तुमच्या पाण्यालाही नावं ठेवेल. सावलीत बसवा, पाणी द्या, आणि ती पुन्हा चालायला लागायच्या आत मला फोन करा.